कविता लिहून काय होते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते. एके दिवशी तिन्हीसांजेला ते छत्री मिटत माझ्या दारात उभे राहिले आणि काखेतली दोनशे पानी वही पुढे करून म्हणाले, "मास्तर, जरा नजर घालता का? छापण्याजोगं आहे का, तेवढंच सांगा."

त्यांची पत्नी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. घरात अण्णा एकटे. मी वही चाळली. पानोपानी कविता! विरह होता, नियती होती, क्रूर काळ होता, सुकलेली बाग होती आणि विझलेला दीपही होता. त्यात अण्णांचे स्वतःचे असे काही दिसेना, सगळी उसनवारी. मी जन्मभर मराठी शिकवलेले. हात शिवशिवला. लाल पेन्सिल घेऊन बसलो, जिथे वृत्त मोडले तिथे खुणा केल्या, चारदोन यमके दुरुस्त केली, आणि आठवड्याने वही परत करताना सांगितले, "अण्णा, छापण्याजोगं नाही अजून."

त्यांनी मान डोलावली, वही पुन्हा काखेत मारली आणि गेले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. पुढे भाजीवाल्याकडून कळले, की अण्णा हल्ली भर दुपारीही दार उघडत नाहीत. तेव्हा मला चुटपुट लागली. त्यांनी तोंडाने विचारले ते एक आणि मनात होते ते दुसरेच. छापून येण्याची हौस त्या माणसाला कधी नव्हती. "हे लिहून माझं काही होईल का?" असे त्यांना विचारायचे होते. पण असला प्रश्न शेजाऱ्याला विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून त्यांनी छपाईचे नाव पुढे केले. आणि मी शहाणा त्यांच्या यमकांत शिरलो!

वाचकहो, ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी अशी एखादी वही तुमच्यापैकीही कोणी ठेवली असेल. म्हणून या प्रश्नाचा आज जरा सावकाश विचार करू. कविता लिहिली की मन मोकळे होते, असे आपण सहज बोलून जातो. पण नुसते मन मोकळे करायचे तर ते रडूनही होते, शेजारणीशी चार शब्द बोलूनही होते. मग अक्षरे मोजत आणि यमके शोधत बसण्याचा खटाटोप कशाला? त्या खटाटोपातच काही गुण आहे का? मला वाटते, आहे. आणि त्याची साक्ष द्यायला मी ज्या बाईंना बोलावणार आहे, त्यांना लिहिताच येत नव्हते.

बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्हाला सांगायला नको. जळगावजवळच्या असोदे गावी 1880 साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न, आणि तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरी मुले. थोरल्या मुलाला प्लेगाच्या दुखण्याने कायमचे अपंगत्व आलेले. शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. शेतात राबताना, घरात जाते ओढताना त्यांच्या तोंडून गाणी निघत. ती ऐकून मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ कागदावर उतरवून घेत. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. म्हणजे काय गंमत आहे पाहा! ज्या छपाईची अण्णांना एवढी काळजी, ती या बाईंच्या हयातीत झालीच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तेही 2018 पासून. पण गाणे रचताना, उद्या माझ्या नावाचे विद्यापीठ होईल, असे त्या बाईंच्या मनात तरी आले असेल का?

मग त्यांना त्या गाण्यांनी काय दिले? पती गेल्यावरची त्यांची गाणी आहेत. ती मी इथे उतरून घेत नाही, तुम्ही मुळातून वाचा. त्यांत त्या काय करतात एवढेच दाखवतो. त्या नुसता आक्रोश करीत नाहीत. एका गाण्यात त्या धरणीमातेला विचारतात, की झाड निघून गेले आणि सावली तेवढी राहिली, ही कसली जादू? हाताकडे पाहतात. बांगड्या फुटल्या, पण मनगट शाबूत आहे. कपाळाकडे पाहतात. कुंकू गेले, पण गोंदलेले राहिले. दुसऱ्या गाण्यात दोन्ही मुलगे सुखी असोत, एवढे देवापाशी मागून घेतात. आणि शेवटी दारात आलेल्या ज्योतिषाला चक्क परत पाठवतात, की बाबा, माझे दैव मला कळते, माझा हात पाहायला येऊ नकोस.

जरा विचार करा. तिशीतली विधवा, त्या काळचे खेडे, आणि ज्योतिषाला दारातून परत लावण्याची ही हिंमत! धरणीमातेला विचारणाऱ्या गाण्याच्या सुरुवातीला ती नाही. सुरुवातीला आहे ती नुसती सावली. ओळीमागून ओळ रचत जाताना काय गेले आणि काय उरले याची मोजदाद होत गेली, आणि त्या मोजदादीतून ही हिंमत आली. अण्णांच्या वहीत हीच मोजदाद नव्हती. विरह किती मोठा आहे हे त्यांनी शंभर पाने सांगितले, पण घरात काय गेले आणि काय उरले ते एका पानावरही नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, बहिणाबाई पडल्या प्रतिभावंत, त्यांची गोष्ट वेगळी. तर मग जात्याकडे चला. घरोघरी पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी आपल्या खेड्यांतली प्रत्येक बाई पहाटे उठून दळण दळी आणि दळताना ओव्या म्हणे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांत फिरून या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर भरल्या! एवढ्या बायका काही कवयित्री म्हणून मिरवत नव्हत्या. सासुरवास, माहेरची ओढ, मेलेले मूल, दारुडा नवरा, भावाने न पाठवलेले बोलावणे, सगळे त्या जात्यावर बसले की निघे. दिवसा जे सासूपुढे बोलण्याची सोय नाही, ते पहाटे जात्याला ऐकवायचे. सासू शेजारच्या खोलीत जागी असली तरी बोलायची नाही, कारण ओवी ही ओवी. तिच्याबद्दल कोणी जाब विचारीत नसे.

आणि जाते फिरत असते, हे विसरू नका. दुःख किती का असेना, ते त्या घरघरीच्या लयीत बसवावे लागे. खुंट्याला हात, ओंजळीत दाणे, आणि फेऱ्याबरोबर शब्द. हुंदक्याने लय मोडली तर दळणही थांबणार, आणि सकाळच्या भाकरीचे काय? माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक आजी होत्या. त्यांचा कर्ता मुलगा गेलेला. त्या म्हणत, "बोलायला गेले तर रडूच येतं बाई, ओवीत तेवढं सांगता येतं."

आजींचे हे बोल मला फार वर्षांनी एका अमेरिकन प्रयोगाची माहिती वाचताना आठवले. डॅलस शहरातील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणि सँड्रा बील यांच्या प्रयोगात 46 विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले होते. काहींनी आयुष्यातल्या आघाताविषयी फक्त घडले ते लिहायचे, काहींनी फक्त वाटले ते, आणि काहींनी घडले तेही आणि वाटले तेही. आणखी काहींना किरकोळ विषय दिले होते. घडलेले आणि वाटलेले दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांना लिहून उठल्यावर बरे वाटले असेल असा तुमचा तर्क असेल. तसे झाले नाही. त्या दिवशी त्यांना उलट अधिक खिन्न वाटले, रक्तदाबही चढलेला आढळला. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातल्या खेपा कमी झाल्या.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. लिहून लगेच बरे वाटेलच असे नाही. आणि नुसत्या भावना ओतून भागत नाही, त्यांच्याबरोबर घडलेले बारीकसारीकही यावे लागते. अर्थात हे विद्यार्थी साधे गद्य लिहीत होते, कविता नव्हे. तेव्हा या प्रयोगावरून कवितेबद्दल ओढून ताणून काही सिद्ध करू नये. शिवाय असे प्रयोग पुढे पुष्कळ झाले. 2006 साली जोॲन फ्रॅटारोली यांनी त्यांतले 146 एकत्र तपासले, तेव्हा गुण येतो पण तो थोडा, असे दिसून आले. थोडा तर थोडा. कागद-पेन्सिलीला खर्च तरी काय पडतो?

पेनबेकर यांनी आणखी एक गोष्ट हेरली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. 2003 साली त्यांनी शर्लक कॅम्बेल यांच्याबरोबर अशा लिखाणातली सर्वनामे मोजली. होय, सर्वनामे! मी, तू, तो, ती, आम्ही. ज्यांच्या लिखाणात ही सर्वनामे दिवसागणिक बदलत गेली, म्हणजे आज 'मी' तर उद्या 'ती', त्यांची प्रकृती अधिक सुधारली. जे एकाच सर्वनामाला चिकटून राहिले, त्यांची तेवढी नाही. हे वाचले आणि मला पुन्हा ती गाणी आठवली. धरणीमाता, देव, ज्योतिषी! बाई सारखी कोणाला तरी हाक मारते आहे. आपल्या ओवीतही सखी येते, भाऊ येतो, आई येते, जात्याला तर देव म्हणून साद असते. दुःखी माणसाचे जग एका 'मी'पुरते आकसून येते. ओवीची रीतच अशी, की ती त्याला मान वर करून कोणाशी तरी बोलायला लावते.

आता आठ अक्षरांबद्दल बोलतो. बहिणाबाईंची बहुतेक गाणी आठ-आठ अक्षरांच्या चरणांत बसतात. लहान अभंगाचेही तेच माप, चरणात सुमारे आठ अक्षरे. लघुगुरूचा काच नाही, जोडाक्षर एकच धरायचे, बोटांवर मोजून घ्यायचे. शाळेत न गेलेल्या माणसालाही साधेल असे हे माप आहे. पण त्याचा उपयोग केवळ सोपेपणाचा नाही. तुम्ही एकदा करून पाहा. मनात येते ते नऊ अक्षरांचे भरते. मग एक काढावे लागते. काढताना कोणता शब्द फुकटचा आहे ते पाहावे लागते. 'अतीव' निघतो, 'भयाण' निघतो, 'दारुण' निघतो, आणि 'उंबरा' राहतो. तेवढा वेळ डोळ्यांतले पाणी थांबते, कारण लक्ष बोटांवर असते. दुःख तेच असते, पण त्याच्याकडे पाहणारा माणूस आता काहीतरी घडवीत असतो. सुताराने लाकडाकडे पाहावे तसे तो त्याच्याकडे पाहू लागतो.

एवढ्याने दिवस जातो. पण दिवस जाणे वेगळे आणि जगायला काही कारण असणे वेगळे. त्या कारणाचे काय? इथे मला तुकोबा आठवतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, मान गेला, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. पण त्यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांनी लगेच कविता केली नाही. आधी मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करायला घेतले. मग संतांची वचने पाठ केली. कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले. आणि मग स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले, आणि माझी अभंगांची संख्या अपुरी राहिली आहे ती तू पुरी कर, असे काम सांगून गेले. स्वतःचे दुःख मांडायला म्हणून तुकोबा बसले नाहीत. दुसऱ्याचे राहिलेले काम त्यांच्या अंगावर आले, आणि त्या कामात त्यांचे दुःखही आले.

अगदी अलीकडे लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच झाले. रेव्हरंड टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नाही, लग्नानंतर नवऱ्याकडून त्या लिहावाचायला शिकल्या. अशा बाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले! 'स्मृतिचित्रे' वाचून त्यांच्यावर लोभ करणारे आपण सारेच, पण हे ओव्यांचे काम फारसे कोणी बोलून दाखवत नाही. गेलेल्या माणसाचे ताट तसेच झाकून ठेवण्याऐवजी त्याचे अर्धे राहिलेले काम पुढे ओढायचे, ही वैधव्य काढण्याची रीत मला तरी फार मोठी वाटते.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी. कविता हा ताईत नाही. पेनबेकर यांनीच 2001 साली शॅनन स्टर्मन यांच्याबरोबर, आत्महत्या केलेल्या नऊ कवींच्या कविता दुसऱ्या नऊ कवींच्या कवितांशी ताडून पाहिल्या. सगळ्या मिळून सुमारे तीनशे कविता. आत्महत्या केलेल्यांच्या कवितांत 'मी' जास्त सापडला आणि 'आम्ही' कमी. ते सर्व उत्तम लिहिणारे होते, तरी त्या लेखणीने त्यांना तारले नाही. तेव्हा दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणेच नको वाटते, असे कोणाचे झाले असेल तर त्याला वही आणून देऊन मोकळे होऊ नका. डॉक्टरकडे न्या. 2022 पासून सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि लिहायला बसल्यावर फारच असह्य झाले, तर वही मिटावी. तिचा कोणाला हिशेब द्यायचा नाही.

दिवाळीच्या आधी मीच अण्णांकडे गेलो. दार बऱ्याच वेळाने उघडले. मी प्रथम लाल पेन्सिलीबद्दल माफी मागितली. मग म्हणालो, "अण्णा, छापण्याचं सोडा. मला एक सांगा, या घरात वहिनींशिवाय सगळ्यांत अडतं कुठे?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाण्याला." आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला येते, आणि जेमतेम पाऊण तास टिकते. वहिनी उठून भरीत. कोणते भांडे आधी, कोणते नंतर, याचा त्यांचा ठराविक क्रम असे. तो अण्णांनी चाळीस वर्षांत कधी पाहिलाच नव्हता, कारण ते तेव्हा झोपलेले असत. "मग हेच लिहा," मी म्हटले. "आठ अक्षरं, बोटांवर मोजून. विरह हा शब्द मात्र वापरायचा नाही." कारकुनीत जन्म गेलेल्या माणसाला मोजण्याचा जाच वाटला नाही. उलट त्यांचा चेहरा थोडा उजळल्यासारखा मला दिसला. दिसला असेल किंवा मला तसा भास झाला असेल.

संक्रांतीच्या सुमारास ते वही घेऊन आले. नवे पान उघडून पुढे ठेवले. त्यांच्या परवानगीने दोन ओळी इथे देतो:

पहाटेच्या नळापाशी आधी कळशी तांब्याची
तुझी रांग मी लावतो, चूक होते घागरीची

"घागर, कळशी, हे कवितेत चालतं का हो?" त्यांनी विचारले.

"चालतं," मी म्हटले. खिशात हात घातला, तर पेन्सिल होती. ती तिथेच राहू दिली.

अण्णा सांगत होते, की आता ते चारलाच उठून बसतात. पाणी यायला अर्धा तास असतो, तेवढ्यात एखादा चरण होतो, कधी होत नाही. नळाची धार बारीक होण्यापूर्वी घागर भरायची असते, हे त्यांना आता कळले आहे. वहिनींना विचारायचे राहून गेलेले असे पुष्कळ निघते आहे. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम, दूधवाल्याच्या हिशेबाच्या भिंतीवरच्या रेघा. मुलाला फोन करून त्यातले काही विचारतात. त्यालाही सगळे ठाऊक नाही, पण त्याला जे ठाऊक आहे ते यांना नव्हते.

मी म्हटले, "वही ठेवून जा, सावकाश वाचतो."

"नको, असू द्या," अण्णा वही उचलत म्हणाले. "चष्म्याच्या डबीवर घेतलंय एक. तिसऱ्या चरणात सातच अक्षरं होताहेत."